वार पडायच्या आधी

माझी मुलगी गाईच्या प्रतिपिंडांच्या जनुकांवर संशोधन करते. हे वाक्य मी इतक्या लग्नांत आणि बारशांत उच्चारलं आहे की समोरून काय येणार ते मला आधीच कळतं. रेणापूरकडचे माझे माहेरचे विचारतात, "म्हणजे जनावराची डॉक्टर का?" उमरीकडचे सासरचे विचारतात, "मग सरकारी कधी लागणार?" आणि लातुरातले आमचे शेजारी विचारतात, "नीटला किती पडले होते तिला?" लातुरात जीवशास्त्र हे एका परीक्षेच्या तयारीचं नाव आहे. मी इथल्या एका महाविद्यालयात निवृत्त होईपर्यंत प्राणिशास्त्र शिकवलं, तेव्हा ही तक्रार नाही, साक्ष आहे.

प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, हा शब्द कोरोनानंतर घरोघर पोचला. आमच्या एका चुलत सासूबाई तर "माझ्या आंगात आता चांगल्या अँटिबॉडी तयार झाल्या" असं सांगायच्या, लोणचं मुरल्यासारखं. त्या तयार कशा होतात हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. कुठला जंतू कधी चाल करून येईल हे शरीराला आधी कळत नाही. प्रत्येकासाठी वेगळं जनुक साठवून ठेवायचं म्हटलं तर ते साठवायला दुसरं शरीर लागेल. यावर निघालेली युक्ती आमच्या गावाला लगेच समजावी अशी आहे. ती म्हणजे प्रश्नपेढी. हे जनुक अखंड नसतंच. त्याचे तुकडे वेगवेगळ्या विभागांत मांडलेले असतात. या कामाची प्रत्येक नवी पेशी एकेका विभागातून एकेक तुकडा उचलते, जोडते आणि स्वतःचा निराळा प्रतिपिंड काढते. जोडताना सांध्यावर थोडी चुकाचूक होते. ती चूकही वाया जात नाही, तिच्यामुळे आणखी नवे प्रकार मिळतात.

ही पद्धत शार्क माशांपासून चालत आलेली आहे. सस्तन प्राण्यांनी तीत आपापल्या परीनं फेरफार केले. जुन्या तुकड्यांच्या नकला निघत गेल्या, काही कामाला आल्या, काही बिघडल्या आणि बिघडलेल्याही तिथंच पडून राहिल्या, सरकारी कचेरीतल्या कपाटांसारख्या. माणसाची आणि उंदराची पेढी चांगली जाडजूड आहे. उंटानं आपल्या काही प्रतिपिंडांतली हलक्या साखळ्यांची एक अख्खी जोडी गाळून टाकली आणि त्याचं काही अडलं नाही. गाईची पेढी बारीक. कामाचे तुकडे मोजके. पण त्यात एक तुकडा असा लांबलचक होऊन बसला आहे की तिच्या काही प्रतिपिंडांना चक्क दांडा फुटतो आणि दांड्याच्या टोकाला गाठ येते. जंतूच्या ज्या खाचेत इतरांचा हात जात नाही तिथं तो दांडा जातो. यात कुणाची योजना नाही, कुणाचा आशीर्वाद नाही. चुका होत गेल्या आणि ज्यांच्या चुका उपयोगी पडल्या त्या टिकल्या. मला यापेक्षा भव्य गोष्ट माहीत नाही. पण लोकांना भव्यतेला कुणीतरी अध्यक्ष लागतो.

माझ्या मुलीचा प्रश्न साधा होता. हा लांब तुकडा परदेशी गाईंमध्ये पुष्कळ तपासला गेलाय, आपल्याकडच्या गाईंमध्ये तो कसा आहे? आपल्याकडच्या म्हणजे आमच्या घरातल्याच म्हणा. माझ्या माहेरी देवणी, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. सासरी लाल कंधारी, तांबड्या, वशिंडाशी किंचित काळपट. महसूल आयुक्तालय माहेरच्या लातूरला की सासरच्या नांदेडला, या भांडणात मी माझ्या लग्नापासून तटस्थ आहे. पण कुठली गाय चांगली, या भांडणात तटस्थ राहायला सासरी परवानगी नव्हती. आता मुलीनं दोन्ही गाईंचं रक्त एकाच बर्फाच्या पेटीत नेलं, आणि दोन्हीकडच्यांना वाटलं की ती आपल्याच गाईचा नंबर पहिला आल्याचं सांगायला परत येईल.

मोठ्या गाईंचं रक्त मिळालं. राहिलं होतं वासराचं. आणि तेही नुसतं वासराचं नव्हे, जन्मल्यानंतर दुधाचा एक थेंबही न घेतलेल्या वासराचं. त्याला कारण होतं. माणसाची आई आपले प्रतिपिंड मुलाला पोटात असतानाच नाळेतून देते. मी माझ्या मुलीला ते असेच दिले, मला काही करावं लागलं नाही. गाईला ती सोय नाही. तिच्या वारेचे, म्हणजे गर्भाला वेढणाऱ्या आणि व्याल्यावर बाहेर पडणाऱ्या आवरणाचे, पडदे जाड, त्यातून प्रतिपिंड पलीकडे जात नाहीत. म्हणून ती ते शेवटच्या दिवसांत कासेत जमा करते. पहिला पिवळा, घट्ट चीक म्हणजे आईचं जमवलेलं सगळं. वासराचं आतडं ते जसंच्या तसं रक्तात घेतं, पण जन्मल्यावर थोडेच तास. मग दार बंद होत जातं. वासराकडे स्वतःचं असं जे काही असतं, जनुकांच्या तुकड्यांची जी पहिली जुळवाजुळव त्यानं पोटातच केलेली असते, ती चोख पाहायची तर आईचा चीक त्यात मिसळण्याआधी रक्त घ्यायला हवं. जन्म आणि पहिला घोट यांच्यामध्ये जेवढी फट, तेवढीच तिची वेळ.

आता आमच्याकडची रीत. उमरीजवळच्या आमच्या गावी, आणि माझ्या माहेरीही, गाय व्याली की वार पडल्याशिवाय वासराला पाजत नाहीत. आधी पाजलं तर वार वर चढते, गाय हातची जाते. शिवाय वासराला हगवण लागते. हे लिहिलेलं कुठंही नाही, पण पाळलं सगळीकडं जातं. वार कधी लवकर पडते, कधी दिवस घेते. तोवर वासरू खुंट्याशी बांधलेलं असतं आणि कास भरून टम्म झालेली असते.

आमच्या घरी जनावरांच्या कोठ्यात शेवटचा शब्द माझ्या मोठ्या जाऊबाईंचा. दीर फक्त त्या गाईंना जत्रेत घेऊन जातात आणि बक्षीस मिळालं की फेटा बांधून फोटो काढतात. आदल्या वर्षी एक कालवड जन्मली आणि चौथ्या दिवशी हगवणीनं गेली. जाऊबाईंनी निदान केलं की त्या बाजाराला गेल्या असताना दिरांनी घाई करून, वार पडते न पडते तोच चीक पाजला. "तुमच्या घाईनं गेली ती," एवढंच त्या म्हणाल्या आणि वर्षभर म्हणत राहिल्या.

त्यांच्या कोठ्यात या वेळी दोन गाई गाभण होत्या. त्यातली एक, जिच्या आईला जत्रेत दोनदा बक्षीस मिळालं होतं, ती पहिलटकरीण आणि आधी विणार होती. मुलीनं पुण्याहून महिनाभर फोन करून सगळ्यांना छळलं. "मोठीआई, वासराला थेंबभरही देऊ नका हं. मी येते, आल्या आल्या रक्त घेते, मग लगेच पाजू." जाऊबाई म्हणाल्या, "आमी तसंबी देत न्हाई. तुला काहून फिकीर?" तेव्हा माझी लेक नुसती हसली होती. त्यांची रीत तिच्या सोयीची होती. पुढं जाऊन त्या रीतीबद्दल बोलायचंच आहे, पण आधी नमुना, असं तिचं चाललं होतं. संशोधक असंच बोलतात.

संक्रांतीनंतर ती सुट्टी काढून लातूरला आली. चार दिवसांनी गावी जायचं, गाय आठ-दहा दिवसांनी विणार, असा बेत होता. मधल्या दिवसांत इथल्या एका मंडळानं तिचा सत्कार ठेवला. निमंत्रणपत्रिकेवर तिच्या नावाच्या वर सहा जणांची नावं होती आणि विषय होता, 'गोमातेच्या रक्तातील दिव्य रहस्य'. तिनं विषय बदलायला सांगितलं. ते म्हणाले, "ताई, फ्लेक्स छापून झालाय." छापून झालेल्या फ्लेक्सपुढं आमच्याकडं कुणाचं चालत नाही.

सकाळी दहाचा कार्यक्रम. साडेअकराला प्रमुख पाहुण्यांची गाडी औशाहून निघाल्याचं जाहीर झालं. तोवर एक वक्ते उभे राहिले आणि म्हणाले की हे सगळं आपल्या पूर्वजांना केव्हाच ठाऊक होतं, आपण फक्त लक्ष दिलं नाही. मग त्यांनी माझ्या मुलीला विदुषी म्हटलं, कन्यारत्न म्हटलं, लातूर पॅटर्नचं फळ म्हटलं. खांद्यावर शाल, मांडीवर नारळ अशा अवस्थेत ती मंचावर बसली होती आणि फळासारखीच दिसत होती. मी तिसऱ्या रांगेत. शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "किती अभिमान वाटत असेल ना तुम्हाला!" खरं सांगायचं तर मला भूक लागली होती.

तेवढ्यात माझा फोन वाजला. दीर होते.

"व्याली गाय. आताच. कालवड झाली, लाल गुंज!"

गाईनं कार्यक्रमपत्रिका वाचलेली नव्हती. मी मुलीला खूण केली. ती मंचावरून उतरली, शाल आणि नारळ तिनं एका सदस्याच्या हातात दिले. दाराबाहेर येऊन तिनं फोन घेतला. मी शेजारी होते, आवाज मोठा होता, सगळं ऐकू येत होतं.

"काका, डॉक्टर आहेत का जवळ? निदान तेवढं रक्त..."

"कुठले डॉक्टर? समदे शिबिराच्या उद्घाटनाला गेलेत. साहेब यायलेत म्हणं."

"बरं."

"तू ये ना. ये आरामात. तू येऊस्तोवर वासराला लावत न्हाई. मोठीआईबी लावू देत न्हाई. वार पडली न्हाई अजून, तुझं काम फत्ते!"

लातूरहून आमचं गाव म्हणजे अहमदपूर, लोहा, नांदेड ओलांडून पुढं. रस्ता कितीही मोकळा मिळाला तरी चारेक तास. मी तिच्याकडे पाहिलं. ज्या नमुन्याची ती वर्षभर वाट पाहत होती तो तिथं खुंट्याला बांधलेला होता आणि तिच्याकरता कुणाला काही खोटं बोलायचं नव्हतं, काही फिरवायचं नव्हतं. नुसतं 'बरं, येते' म्हणायचं होतं. जे घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं तेच चाललं असतं. वासराला काही झालं असतं तरी तिला दोष लागला नसता. पुन्हा दिरांनाच लागला असता.

ती म्हणाली, "काका, मोठीआईला फोन द्या."

"बोल माय."

"मोठीआई, तिला आत्ता पाजा."

आत हॉलमध्ये वक्ते पूर्वजांवरच होते.

"काय म्हणलीस?"

"आत्ता चीक पाजा. मी यायची वाट पाहू नका, वारेचीही पाहू नका."

"यडी का काय तू! वार वर गेली मंग? पहिलटकरीण हाय ती. तिच्या आईचं बक्षीस हाय घरात."

"मोठीआई, वासरू ओढायला लागलं की गाईचं पोट आवळतं. त्यानंच वार सुटते. वर जात नाही."

"तुला काय म्हाईत, तू कुठं व्यालीस?"

हा प्रश्न बिनतोड होता. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी फोन घेतला.

"बाई, मी व्याले. तुमच्यासमोर व्याले."

"तुझं काढू नकोस तू," जाऊबाई लगेच म्हणाल्या. "हिच्या वेळंला नांदेडच्या दवाखान्यात मी म्हणून राहिले, चीक पिळून टाक, तीन दिवस मध चाटव. ऐकलंस का माझं? घेतलीस उराशी."

"घेतलं. आणि ती आता तुमच्याशी वाद घालून राहिली. काही वाईट झालं का तिचं?"

"जीभ वाढली," जाऊबाई म्हणाल्या.

मुलीनं फोन परत घेतला. तिचा आवाज आता पुण्याचा राहिला नव्हता. "मोठीआई, मागच्या कालवडीला काकांनी लवकर पाजल्यानं काही झालं नव्हतं. उशिरा पाजलं होतं. तिच्या आंगात काहीच नव्हतं लढायला. गाईचं पोटातून जात न्हाई गं लेकराला, समदं चिकातच ऱ्हाते. आन् ते घ्यायला तिला थोडाच वेळ हाय."

"आन् तुझं रक्त? महिनाभर डोकं खाल्लंस त्याच्यापायी."

"नको मला रक्त."

"नको?"

"एकदा पिली की माझ्या कामाचं ऱ्हात न्हाई ते. नको. पाजा तुमी."

मी जाऊबाईंना तीसेक वर्षं ओळखते. जनुकांचं, आतड्याचं, दांड्याच्या टोकावरच्या गाठीचं त्यांना काही घेणं नव्हतं. पण हट्टी माणसानं हट्ट सोडला की त्याचं वजन त्यांना बरोबर कळतं, कारण त्या स्वतः कधी सोडत नाहीत.

"इतकी फिकीर हाय का माय?" त्यांनी विचारलं.

"हाव, मोठीआई."

फोन बंद झाला. पाजते म्हणाल्या नाहीत, न्हाई म्हणाल्या नाहीत.

आम्ही निघालो. मुलीचे वडील गाडी चालवत होते. त्यांचं मत विचारायची घरात पद्धत नाही. मंडळाचे एक कार्यवाह फाटकापर्यंत धावत आले, "ताई, पाहुणे पाचच मिनिटांत पोचतायत, दीपप्रज्वलन बाकी आहे!" मुलगी म्हणाली, "करून घ्या ना." आमच्या मागं ते दिव्य रहस्य तसंच राहिलं. नंतर कळलं की पाहुण्यांनी शाल दुसऱ्या कुणाला तरी घातली आणि कार्यक्रम यशस्वी झाला.

वाटेत अहमदपूरला चहा घेतला तेव्हा ती म्हणाली, "आई, मी दुसऱ्यांदा फोन करत नाही. केला तर त्या मुद्दाम पाजणार नाहीत." हे निदान अचूक होतं. वासरू पितंय की नाही या काळजीत ती होती. मी मात्र निराळ्याच गोष्टीत गुंतले होते. सकाळी तिसऱ्या रांगेत बसून जो अभिमान मला वाटायला हवा होता आणि वाटत नव्हता, तो आता लोह्याच्या पुढं, खड्ड्यांच्या रस्त्यावर, असा भरून आला की मी खिडकीबाहेर पाहत राहिले. तिला शिकवलेलं मी पुष्कळ आहे. पेशी, विभाजन, आनुवंशिकता, बेडकाच्या छेदाची आकृती. हे मी शिकवलं नव्हतं.

पोचलो तेव्हा उन्हं उतरत होती. कोठ्याच्या दारात जाऊबाई पाय पसरून बसलेल्या. आत कालवड उभी होती, कान हलवत, ओठांना पिवळा फेस.

"पाजलं," जाऊबाई म्हणाल्या. "पण थानाला लावलं न्हाई हां. पिळून घेतला, बाटलीनं पाजला. म्हंजी तुझंबी ऱ्हायलं, माझंबी ऱ्हायलं."

"वार?"

"पडली की. बाटली सरते न सरते तोच." त्या उठल्या, पदर झटकला. "तसं ती पडणारच होती."

सडाला वासराचं तोंड लागो की माणसाचा हात, गाईच्या पोटाला दोन्ही सारखंच, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मुलीनं माझा हात दाबला. मी गिळलं. आयुष्यभर वर्गात बोललेल्या बाईला हे सोपं नसतं.

त्या संध्याकाळी मुलीनं गाईचं रक्त घेतलं, थोडा चीक घेतला, आणि कालवडीच्या गळ्याला हात लावून नुसती बसून राहिली. उरलेल्या चिकाचा जाऊबाईंनी खरवस केला, वेलदोडा घालून. माझ्या लेकीनं दोन वाट्या खाल्ल्या. शास्त्रीयदृष्ट्या ते प्रतिपिंड शिजून वाया गेले होते. पण खरवस उत्तम होता.

कालवड चौथा दिवस ओलांडून गेली, आठवडा ओलांडून गेली. दिरांनी तिच्या फोटोंनी घरच्या ग्रुपवर इतका उच्छाद मांडला की कुणीतरी "आता बारसं तरी करा" असं लिहिलं. होळीच्या आधी एके सकाळी जाऊबाईंचा पुण्याला थेट फोन गेला, आम्हाला वगळून.

"दुसरी लागली कुरकुरायला. येनार आसशील तर आजच ये. यावेळंला मी कुनासाठी थांबत न्हाई. व्याली की पाजनार."

म्हणजे घरात शब्द फिरला होता, आणि तो फिरल्यामुळेच माझ्या मुलीचं काम पहिल्यापेक्षा अवघड झालं होतं. आता वासरू कुणी बांधून ठेवणार नव्हतं. तिला तिथं हजर राहूनच रक्त घ्यावं लागणार होतं. ती बर्फाची पेटी घेऊन त्याच दिवशी निघाली. मीही लातूरहून गेले, कारण मला राहवलं नाही. आम्ही कोठ्याशेजारी बाज टाकून राहिलो. गाईनं भरपूर वाट पाहायला लावली, मग एका दुपारी, सगळे जेवायला बसल्यावर, व्याली.

जाऊबाईंनी उष्ट्या हातानंच वासराचं तोंड पुसलं. गोऱ्हा होता. त्यांनी त्याची मान स्वतःच्या गुडघ्यात धरली, मुलीनं शीर शोधली, सुई टोचली, नळीत गडद लाल रक्त चढलं. इतकंच. वर्षभर जे हुकत होतं ते एका श्वासात झालं. मुलगी नळी उन्हाकडं धरून पाहत होती आणि मी तिला पाहत होते. तेवढ्यात जाऊबाईंनी तिला कोपरानं ढकललं.

"झालं का तुझं? मंग सर तिकडं. पिऊ दे त्याला."

आणि वार पडायची वाट न पाहता त्यांनी गोऱ्ह्याचं तोंड थेट सडाला लावलं.